शाळेचा पट : किती आले आणि किती पुरे करून गेले



आगमन-स्मरणाच्या या कार्यक्रमात जहाजांविषयी बोलून झालं, उसाच्या मळ्यांविषयी झालं, गणेशोत्सवाविषयी आणि भजनी मंडळांविषयीही झालं. आमच्या वाट्याला शाळेचा विषय आला. आम्ही म्हणजे प्राथमिक शाळांतून मराठी शिकवणाऱ्या शिक्षिका. आम्ही प्राध्यापक नाही, संशोधकही नाही. शिक्षक-प्रमाणपत्र घेतलं आणि वर्गावर उभ्या राहिलो. आमच्यातल्या पुष्कळ जणींची आता पन्नाशी उलटली आहे. इतक्या वर्षांत रोज न चुकता केलेलं एक काम म्हणजे हजेरी. तेव्हा आज हजेरीविषयीच बोलू. आपल्या बेटावर शाळेत किती मुलं आली, किती टिकली, आणि हातात प्रमाणपत्र घेऊन किती बाहेर पडली, हा आजचा विषय.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शर्तबंद मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. आपल्यापैकी अनेकांनी तिथं जाऊन आपल्या पणजोबांची, खापरपणजोबांची नोंद शोधली असेल. क्रमांक, नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज. कुणाच्या नावापुढे रत्नागिरी जिल्हा सापडतो, कुणाच्या नावापुढे सातारा. शिक्षणाचा रकाना मात्र शोधू नका. मजुराच्या खांद्यात किती जोर आहे याच्याशी मळ्याला काम होतं, त्याला अक्षर ओळखता येतं का याच्याशी नव्हतं. मुलांचंही तेच. मळ्यावर 'पेतित बांद' असे, म्हणजे बायकांची आणि पोरांची टोळी. गवत उपटायला, खत टाकायला हात लहान असला तरी चाले. ज्या वयात आज मूल पाटी-दप्तर घेऊन आमच्याकडे येतं, त्या वयात आपली पोरं उसाच्या सरीत होती. आपल्या शिक्षणाची गोष्ट शून्यापासून सुरू होते ती इथून.

१९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून भारतात परतताना गांधीजी काही दिवस या बेटावर थांबले. मुलांना शाळेत घाला आणि देशाच्या कारभारात लक्ष घाला, असा त्यांनी इथल्या भारतीयांना दिलेला सल्ला आपण आजही सांगतो. पण सल्ला मिळाला म्हणून शाळा दाराशी येत नाही. मधली कितीतरी वर्षं बैठकांनी भागवली. दिवसभर मळ्यात राबून आलेली माणसं संध्याकाळी बैठकेत जमत, आणि कंदिलाच्या उजेडात कुणीतरी पुढे बसून अक्षरं गिरवून घेई. ना सरकारी पगार, ना परीक्षा, ना दाखला. आपली मराठी त्या बैठकांत टिकली आणि ओव्या-आरत्यांच्या तोंडी परंपरेत टिकली, हे आपण जाणतोच.

त्या अक्षरांची किंमत १९४८ साली कळली. त्या वर्षीच्या निवडणुकीत मताचा अधिकार मालमत्तेपुरता न राहता, साधं वाक्य लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढ माणसालाही मिळाला. त्याआधी मतदारांची संख्या बारा हजारांच्या आत होती. ती एकदम ७१ हजारांवर गेली. या वाढीमागे पंडित बासदेव बिसुनदयाल यांच्या जनआंदोलनाचे स्वयंसेवक होते, गावोगावच्या बैठका होत्या, आणि पन्नाशीत पहिल्यांदा पेन्सिल धरणारे आजोबा होते. लिहिता-वाचता येणं म्हणजे नोकरी, असा अर्थ आपण आज घेतो. आपल्या आजोबांना त्यातून मत मिळालं, आणि मतातून पुढे देश मिळाला.

त्यानंतर शाळेचा पट फुगू लागला. कारण साधं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मलेरियाचं निर्मूलन झालं आणि तान्ही मुलं जगू लागली. १९४४ च्या जनगणनेत या बेटावर सुमारे ४ लाख १९ हजार माणसं होती, १९७२ च्या जनगणनेत सुमारे ८ लाख २६ हजार. अठ्ठावीस वर्षांत जवळजवळ दुप्पट. १९६० च्या सुमारास एका बाईला सरासरी सहा मुलं होत असत. प्राध्यापक मीड यांच्या अहवालाने १९६१ मध्ये इशारा दिला होता की लोकसंख्या अशीच वाढत राहिली तर या बेटाचं कठीण आहे. आमच्या आधीच्या पिढीतल्या गुरुजींकडून आम्ही त्या काळच्या वर्गांचं वर्णन ऐकलं आहे. बाकावर जागा नसे, एका पुस्तकात तिघं डोकं घालत. तरी मुलं येत होती.

प्राथमिक शाळेचं दार असं उघडलं, पण त्यापुढचं दार अरुंद होतं. सहावीच्या परीक्षेला घरोघरी 'सिझियेम' म्हणत. ती झाली की बहुतेक मुलांची शाळा संपे. सरकारी कॉलेजं हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांत शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या मोजक्या हुशार मुलांचा नंबर लागे. बाकीच्यांसाठी खासगी कॉलेजं होती, पण त्यांची फी मळ्याच्या रोजंदारीतून भागवायची कशी? ज्यांनी ती भागवली त्यांच्या घरच्या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत. कुणी गाय विकली, कुणी आईच्या हातातलं कांकण विकलं. आणि पैसा एकाच मुलापुरता असला की तो मुलगाच असे. मुलीने सहावी केली म्हणजे खूप झालं, तिला धाकट्यांना सांभाळायचं आहे, उद्या परक्याच्या घरी जायचं आहे. आमच्या आयांपैकी कितीतरी जणी आमच्याहून हुशार होत्या. पहाडे त्यांना आमच्यापेक्षा लवकर येत. त्यांच्यापाशी दाखला नाही, एवढाच फरक.

हे दार उघडलं ते १९७७ मध्ये. त्याआधी मे १९७५ मध्ये कॉलेजची मुलं रस्त्यावर उतरली होती. ग्रँड रिव्हरच्या पुलाजवळ पोलिसांनी त्यांना अडवलं, अश्रुधूर सोडला. श्रीमंत कॉलेज आणि गरीब कॉलेज यांत एवढी तफावत का, हा त्यांचा एक मोठा सवाल होता. त्याच वर्षी मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. १९७६ च्या शेवटी निवडणूक आली, आणि सर शिवसागर रामगुलाम यांच्या सरकारने माध्यमिक शिक्षण मोफत केल्याचं जाहीर केलं. जानेवारी १९७७ पासून फी बंद झाली.

आम्ही त्या निर्णयानंतर कॉलेजात गेलेल्या मुली. हे सांगताना आम्हांला संकोच वाटत नाही. फी असती तर आमच्या घरात भाऊ शिकला असता आणि आम्ही शिवणकाम शिकलो असतो. सरकारने फी काढली आणि बापाला मुलगा-मुलगी असा हिशेब करण्याचं कारण उरलं नाही. पट वाढवायला भाषणं लागत नाहीत. आड येणारा खर्च दूर केला की मुलं आपोआप येतात, हा पहिला धडा आम्ही स्वतःवरून शिकलो. २००५ मध्ये विद्यार्थ्यांचा बसप्रवास मोफत झाला, तेव्हाही तेच दिसलं. दूरच्या गावातून दोन बस बदलून येणाऱ्या मुलाच्या घरी महिन्याचं तिकिटाचं ओझं किती होतं, हे ज्यांनी उचललं त्यांनाच माहीत.

पण दार उघडं असतानाही माणसं बाहेर जातात, हाही धडा लवकरच मिळाला. १९८० च्या दशकात 'झोन' जोरात आला. कपड्यांचे कारखाने गावागावात निघाले, आणि त्यांना मुलींचे हात हवे होते. आमच्या बरोबरीच्या किती मुलींनी फॉर्म तीन, फॉर्म चारमधून दप्तर ठेवलं आणि कारखान्याची व्हॅन पकडली. त्यांना नावं ठेवू नयेत. त्यांच्या पगारावर सिमेंटची घरं उभी राहिली, भावांची शिक्षणं झाली, पहिल्यांदा घरात बाईच्या शब्दाला वजन आलं. पुढे जागतिक कापड-व्यापाराचे नियम बदलले, २००५ च्या आसपास एकामागून एक कारखाने बंद झाले, आणि चाळिशीच्या बायका घरी आल्या. नवी नोकरी मागायला गेल्या की पहिला प्रश्न, "एस.सी. आहे का?" दाखल्याची उणीव तोवर कधी भासली नव्हती, ती तेव्हा भासली. आजही एखादं मूल "मला काम मिळालंय, मी शाळा सोडतो" म्हणतं तेव्हा आम्हांला त्या बायकांची आठवण होते.

कायद्यानेही पावलं टाकली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. २००५ पासून सोळा वर्षं पुरी होईपर्यंत शिकणं सक्तीचं झालं. २०१९ पासून सरकारी विद्यापीठांतली पहिली पदवीही मोफत आहे. आज या बेटावर शाळेचं तोंड न पाहिलेलं मूल शोधून सापडणार नाही. जिथं शून्य होता तिथं आपण इथवर आलो, आणि त्याबद्दल पूर्वजांसमोर ताठ मानेनं उभं राहता येईल.

आता गेल्या पंचवीस वर्षांकडे येऊ, कारण आकडे उलटे वळले ते इथंच.

सन २००० च्या सुमारास आपल्या देशात वर्षाला सुमारे वीस हजार मुलं जन्माला येत. आता ती संख्या बारा हजारांच्या आसपास आहे. एका बाईमागे सहा मुलं होती, ती आज सरासरी दीडही नाहीत. प्राथमिक शाळांच्या पटावर २००० च्या सुमारास सव्वा लाखाहून अधिक मुलं होती, आज ती नव्वद हजारांच्याही खाली आहेत. एके काळी मीडसाहेबांना मुलांचा पूर येईल अशी भीती होती. आज शिक्षक वर्गात शिरतात आणि बाक रिकामे दिसतात.

हा आकडा ऐकून काही जण म्हणतात, "मुलं शाळा सोडायला लागली." तसं नाही. मुलं जन्मालाच कमी येतात. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, लग्नं उशिरा होऊ लागली, घर बांधायचा खर्च वाढला, आणि तरुण जोडपी कॅनडा, फ्रान्स, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला निघाली. पट घटणं आणि गळती वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर जसा ताप आणि अशक्तपणा वेगळा ओळखतो, तसं आपणही हे वेगळं ओळखायला हवं, नाहीतर औषध चुकेल.

गळती आहे, पण ती दुसरीकडे आहे. त्यासाठी निकाल कसा वाचायचा ते पाहू. आपण दरवर्षी रेडिओवर ऐकतो की एस.सी.ला इतके टक्के उत्तीर्ण, एच.एस.सी.ला इतके टक्के. बरीच वर्षं हे निकाल ढोबळ मानाने चारातले तीन उत्तीर्ण असे राहिले आहेत. ऐकणाऱ्याला वाटतं, चारातली तीन मुलं शिक्षण पुरं करतात. मग आमच्यासारखी हजेरी घेणारी बाई विचारते, हे चार कोण? परीक्षेला बसलेले चार. जे परीक्षेपर्यंत पोचलेच नाहीत ते या चारांत धरलेलेच नाहीत. समजा पहिलीत शंभर मुलं होती. त्यांतली काही सहावीत अडली, काही मधल्या इयत्तांत गेली, उरलेली परीक्षेला बसली, आणि टक्केवारी त्या उरलेल्यांवर काढली. परीक्षेचा निकाल खोटा नाही, पण तो पहिलीच्या पटाचा निकाल नव्हे. खरा हिशेब पहिलीच्या पटापासून मांडावा लागतो. पहिलीला नाव घातलेल्या शंभरांपैकी एच.एस.सी.चा दाखला किती जणांच्या हाती आला? हा प्रश्न विचारला की आकडा पुष्कळ खाली येतो.

सहावीला काय होत होतं ते आम्ही जवळून पाहिलं आहे. १९८० पासून २०१६ पर्यंत सी.पी.ई. परीक्षा होती. तीत वर्षानुवर्षं साधारण तीनातलं एक मूल नापास होत असे. अकरा-बारा वर्षांचं मूल, आणि त्याच्या कपाळावर शिक्का. एक संधी पुन्हा बसायची, आणि तरीही नाही जमलं तर व्यवसायपूर्व वर्ग. दुसऱ्या टोकाला उरलेली दोन मुलं 'स्टार' कॉलेजात जागा मिळावी म्हणून पहाटेपासून रात्रीपर्यंत 'लेसों'ला पळत. शिकवणी परवडणाऱ्याचं मूल पुढे, न परवडणाऱ्याचं मागे. १९७७ मध्ये समोरच्या दाराने काढलेली फी मागच्या दाराने परत आली ती अशी. काही वस्त्यांतल्या शाळांत तर निकाल चाळीस टक्क्यांच्याही खाली राहत असे. म्हणून २००३ मध्ये सुमारे तीस शाळा प्राधान्य-क्षेत्रात घेतल्या गेल्या.

२०१७ पासून नऊ वर्षांच्या सलग शिक्षणाची पद्धत आली. सहावीला पी.एस.ए.सी., नववीला राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा. सहावीत अडलेल्या मुलाला बाहेर न काढता चार वर्षांच्या विस्तारित वर्गात ठेवायचं असं ठरलं. हेतू चांगला आहे. पण सोळाव्या वर्षापर्यंत नाव पटावर राहणं आणि मूल शिकणं यांत अंतर आहे. नाव पटावर असतं, मूल मंगळवारी येतं, बुधवारी येत नाही, पुढल्या आठवड्यात कुणाच्या तरी बांधकामावर दिसतं. सोळा पुरी झाली की नाव निघतं आणि कुणी विचारायला जात नाही.

यात आणखी एक बदल झाला आहे, त्याकडे आपल्या घरांनी लक्ष द्यावं. मुली पुढे गेल्या आहेत. सहावीला, एस.सी.ला, एच.एस.सी.ला मुलींचा निकाल मुलांपेक्षा चांगला लागतो, आणि विद्यापीठातही मुलींची संख्या जास्त आहे. ज्या मुलीला आजी सहावीतून काढत होती तिची नात डॉक्टर होते आहे. आम्हांला याचा आनंद किती, हे सांगायला नको. पण आज वर्गात मागे पडणारा, शेवटच्या बाकावर झोपणारा, "मिस, मला नाही जमत" म्हणणारा बहुधा मुलगा असतो. पूर्वी मुलींना घराने अडवलं. आज मुलगे कुणी न अडवता गळताहेत, म्हणून ते दिसत नाहीत.

आता मराठीच्या वर्गाविषयी. आपला मराठी समाज या देशात दोन टक्क्यांच्या आतबाहेर. प्राथमिक शाळा तीनशेहून अधिक, पण मराठीची मुलं कास्कावेल, वाक्वा, ब्लॅक रिव्हर अशा भागांत एकवटलेली. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा पंचवीस-तीस मुलांचा मराठीचा वर्ग ही काही विशेष गोष्ट नव्हती. आज आमच्यातल्या काहींच्या वर्गात पाच-सहा मुलं असतात, दोन-तीन इयत्ता एकत्र बसवाव्या लागतात. देशभर पट घटला की मोठ्या भाषेचा वर्ग तीसचा वीस होतो आणि चालू राहतो. आपला दहाचा चार होतो, आणि चारावर प्रश्नचिन्ह येतं. घट सगळ्यांवर सारखी आली तरी लहान समाजाला ती जास्त लागते.

त्यात घरं बदलली. दहांतल्या नऊ घरांत आज क्रिओल बोलली जाते, आणि आपली घरं त्याला अपवाद नाहीत. २०१२ पासून क्रिओल हाही शाळेत ऐच्छिक विषय आहे. तो आला हे योग्यच झालं, ती या देशाची भाषा आहे. मिश्र विवाहांतली मुलं आईची की बापाची भाषा घेतील हे आधी सांगता येत नाही. काही पालक आम्हांला विचारतात, "मिस, मराठी घेऊन पुढे काय?" प्रश्न रास्त आहे, त्याला रागावून उत्तर देऊ नये. पुढे मराठी एस.सी.ला घेता येते, एच.एस.सी.ला घेता येते, महात्मा गांधी संस्थेत पदवीपर्यंत शिकता येते. पण याहून मोठं कारण आम्ही वर्गात पाहतो. ज्या मुलाला गणितात शाबासकी मिळत नाही, इंग्रजीत मिळत नाही, त्याला आमच्या पाच मुलांच्या वर्गात मिळते. तिथं त्याचं नाव कुणीतरी नीट उच्चारतं. त्याची आजी कोणती आरती म्हणते हे विचारलं जातं, आणि ते त्याला येत असतं. मूल शाळेत टिकतं ते बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या माणसामुळे, त्याला ओळखणाऱ्या. लहान वर्ग ही आमची अडचण खरी, पण अशा मुलाच्या दृष्टीने ती सोय आहे.

म्हणून या संस्थेपुढे आणि आपणा सर्वांपुढे आमच्या काही विनंत्या आहेत. पैशाच्या नाहीत.

पहिली. पहिलीच्या प्रवेश-अर्जावर भाषेचा एक रकाना असतो. तो घाईत भरला जातो, कधी कोराच राहतो. ज्यांच्या घरात यंदा पाच वर्षांचं मूल आहे त्यांनी तो रकाना विचार करून भरावा. वर्ग उघडायचा की नाही हे त्या कागदांची बेरीज ठरवते, आपली भाषणं ठरवत नाहीत. शेजारच्या घरालाही आठवण करावी. चारांच्या वर्गात एक मूल वाढलं तर तो पाचांचा होतो.

दुसरी. आपण दरवर्षी एस.सी., एच.एस.सी. उत्तीर्ण मुलांचा सत्कार करतो. कुणी 'लोरेआ' झालं तर गाव लोटतं. हे चालू ठेवावंच. पण सत्काराची यादी वाचली जात असताना आम्हां शिक्षिकांच्या डोळ्यांपुढे दुसरी यादी असते. आमच्याकडे पहिलीत एकत्र बसलेली सारी मुलं आम्हांला नावानिशी आठवतात. टाळ्या पडतात तेव्हा आम्ही मनात मोजतो, उरलेली कुठं आहेत? नापास झालेलं मूल त्या दिवशी सभागृहात येत नाही, त्याचे आईबापही येत नाहीत. पुढे ते गणपतीलाही यायचं टाळतात. अशा रीतीने शाळेतून गळलेलं मूल समाजातूनही गळतं. ज्यांच्या पूर्वजांची जमिनीवर उतरताच क्रमांक देऊन नोंद झाली, त्यांनी आपल्याच मुलांची नोंद ठेवू नये, हे बरं नव्हे.

म्हणून तिसरी विनंती. प्रत्येक गावच्या मंडळाने एक साधी वही ठेवावी. गावातलं प्रत्येक मूल, त्याचं पहिलीचं वर्ष, तो आज कोणत्या इयत्तेत आहे, शाळा सोडली असेल तर केव्हा आणि का. सरकारी आकडेवारीत आपलं गाव दिसत नाही, आपल्या वहीत दिसेल. वर्षातून दोनदा मंडळाच्या बैठकीत ती वही उघडावी. कुणाचं नाव गळताना दिसलं तर त्या घरी दोघांनी जाऊन बसावं. उपदेश करू नये, चहा घ्यावा आणि विचारावं. कधी कारण पैशाचं निघेल, कधी दारूचं, कधी अमली पदार्थांचं, कधी फक्त चष्म्याचं. फळा न दिसणारं मूल आळशी ठरतं, हे आम्ही एकापेक्षा अधिक वेळा पाहिलं आहे.

चौथी विनंती तरुणांना. बैठका अजून उभ्या आहेत. शनिवारी दुपारी त्यांचं दार बहुधा बंद असतं. तुमच्यातले जे एच.एस.सी. झाले, विद्यापीठात गेले, त्यांनी आठवड्याचे दोन तास द्यावेत. नववीच्या परीक्षेला बसणाऱ्या चार मुलांना गणित समजावून सांगावं. ज्यांना 'लेसों' परवडत नाही त्यांच्यासाठी ही शिकवणी. दिवसभर राबून आलेल्या माणसांनी कंदिलाच्या उजेडात जे केलं ते तुम्ही विजेच्या दिव्याखाली करू शकता.

आमच्यातल्या काही जणी येत्या काही वर्षांत निवृत्त होतील. आमच्या जागी नवी शिक्षिका येईल की नाही, हे आमच्या हातात नाही. वर्गात किती मुलं असतील यावर ते ठरेल, आणि ते तुमच्या हातात आहे. वर्ग भरलेला असो की चार मुलांचा, आम्ही सकाळी हजेरी घेतच आलो. जो आला त्याच्यापुढे खूण करायची, आणि जो आला नाही त्याचं नाव दोनदा पुकारायचं, ही शिक्षकाची सवय. समाजानेही ही सवय लावून घ्यावी, एवढंच मागणं आहे.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या टेबलावर आम्ही चार-पाच कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत. ज्या मंडळांना हव्यात त्यांनी एकेक घेऊन जावी.